घटक नियोजन : वहीसाठी की वर्गासाठी?

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक दृश्य हमखास दिसते. टेबलावर मागील वर्षीच्या नियोजन वह्या उघडलेल्या असतात, शेजारी कोऱ्या वह्या असतात आणि एकातून दुसरीत मजकूर उतरवण्याचे काम चाललेले असते. घटकाचे नाव, उपघटक, तासिका, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन. रकाने भरले, मुख्याध्यापकांची सही झाली, वही कपाटात गेली. पुढे वर्गात शिकवताना ती वही उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आम्हीही हे अनेक वर्षे केले आहे, म्हणून यात कोणावर टीका करण्याचा हेतू नाही.

आमचा विचार बदलला तो एका साध्या प्रश्नामुळे. दहावीच्या वर्गात समरूपतेचा घटक संपला होता. घटक चाचणीही झाली होती. दिवाळीच्या आधी मुली शाळेच्या अंगणात रांगोळी काढत होत्या. सहज विचारले, “एक हात बाजूच्या चौकोनी रांगोळीला पाव किलो रंग लागला. दोन हात बाजूची तशीच रांगोळी भरायला किती रंग आणायचा?” उत्तर चटकन आले, “अर्धा किलो.” उत्तर देणाऱ्या मुलीने चाचणीत समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे प्रमेय अचूक सिद्ध करून पूर्ण गुण मिळवले होते. आम्ही पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, “पण सर, बाजू दुप्पट म्हणजे रंग दुप्पटच ना?”

प्रमेय वहीत होते, पाठांतरात होते आणि उत्तरपत्रिकेतही होते. अंगणात मात्र ते पोहोचले नव्हते. दोष त्या मुलीचा नव्हता. आमच्या घटक नियोजनात ‘क्षेत्रफळांचे प्रमेय : २ तासिका’ एवढेच लिहिलेले होते आणि तेवढेच घडले होते. त्यानंतर आम्ही काही शिक्षक एकत्र बसलो आणि हा एकच घटक पुन्हा पहिल्यापासून आखला. तो कसा आखला, हे या लेखात सांगायचे आहे.

घटक म्हणजे नेमके काय?

शाळेत नियोजनाच्या तीन पायऱ्या असतात. वार्षिक नियोजनात वर्षभराचा अभ्यासक्रम महिन्यांत वाटलेला असतो. पाठटाचणात एका तासिकेचा तपशील असतो. या दोहोंच्या मध्ये घटक नियोजन येते आणि नेमकी तीच पायरी सर्वांत दुर्लक्षित राहते.

पाठटाचणाची परंपरा जुनी आहे. अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी हर्बार्टच्या नावाने ओळखली जाणारी पंचपदी शिकलो आहोत. पण पंचपदी ही मुख्यतः एका पाठाची चौकट आहे. गणितातील एखादी कल्पना पस्तीस-चाळीस मिनिटांत पूर्ण होत नाही, ती दोन-तीन आठवड्यांत हळूहळू आकार घेते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या हेन्री मॉरिसन यांनी १९२६ साली माध्यमिक शाळेतील अध्यापनावर लिहिलेल्या ग्रंथात ही गोष्ट आग्रहाने मांडली. आज किती पाने शिकवली याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याने काय आत्मसात केले, हा त्यांचा प्रश्न होता. आधी चाचपणी करावी, मग शिकवावे, पुन्हा चाचपणी करावी आणि उणीव दिसल्यास अध्यापनाची रीत बदलून पुन्हा शिकवावे, असे त्यांचे सूत्र होते. पुढे १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. आपल्या नियोजन वहीतील ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ हे रकाने त्याच विचाराच्या प्रभावातून आले.

म्हणजे वहीतील रकाने निरर्थक नाहीत. ते भरण्याचा क्रम मात्र आपण चुकवतो. आपण पुस्तकातील मथळे उतरवून सुरुवात करतो आणि मूल्यमापनाच्या रकान्यात शेवटी ‘स्वाध्याय’ असा एक शब्द लिहितो. आम्ही हा क्रम उलटा केला.

पहिले काम : चाचणी आधी लिहा

घटक शिकवायला घेण्यापूर्वीच आम्ही त्याची चाचणी लिहिली. घटक संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे प्रश्नांच्या रूपात मांडल्याशिवाय उद्दिष्टे स्पष्ट होत नाहीत, हे त्यातून ध्यानात आले. ‘समरूपतेचे आकलन होणे’ हे वाक्य कोणत्याही वहीत शोभते, पण त्यावरून उद्या वर्गात काय करायचे हे कळत नाही. त्याऐवजी आम्ही लिहिलेली काही अपेक्षित फलिते अशी :

१. वेगवेगळ्या स्थितीत काढलेल्या दोन समरूप त्रिकोणांतील संगत शिरोबिंदू विद्यार्थी ओळखतो आणि नावे त्याच क्रमाने लिहितो.

२. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय तो सिद्ध करतो आणि सिद्धतेतील प्रत्येक पायरीचे कारण सांगतो.

३. ज्या वस्तूच्या माथ्यापर्यंत हात पोचत नाही तिची उंची तो प्रत्यक्ष मोजमाप घेऊन काढतो आणि मापातील चुकीचा उत्तरावर काय परिणाम होतो हे सांगतो.

४. लांबी किती पट झाली यावरून क्षेत्रफळ किती पट होईल हे तो सांगतो. आकृती त्रिकोणाची असो वा रांगोळीची.

चौथे फलित आमच्या आधीच्या वहीत नव्हतेच.

चाचणी २० गुणांची ठरवली. तिचा संविधान तक्ता करताना ज्ञान ३, आकलन ७, उपयोजन ७ आणि कौशल्य ३ असे गुण वाटले. उपयोजनाला सात गुण दिल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला : उपयोजन आपण शिकवणार कधी? तासिकांची वाटणी बदलावी लागली ती येथून.

दुसरे काम : विद्यार्थी काय घेऊन येतो?

नववीत विद्यार्थी गुणोत्तर व प्रमाण शिकलेला असतो. त्रिकोणांची एकरूपता आणि समांतर रेषांमुळे होणारे कोन त्याला ठाऊक असतात. समरूप त्रिकोणांची तोंडओळखही झालेली असते. पण याबरोबरच तो काही चुकीच्या समजुतीही घेऊन येतो आणि त्यांची नोंद वहीत कोठेच नसते.

पहिली अडचण भाषेची आहे. आपण बोलताना ‘सारखा’ हा शब्द एकरूप आणि समरूप या दोन्ही अर्थांनी वापरतो. ‘दुप्पट मोठा फोटो’ असे म्हटले तर लांबी दुप्पट की कागद दुप्पट, हे कोणी विचारत नाही. झेरॉक्सच्या यंत्रावर २०० टक्के असे लिहिले असते तेव्हा लांबी आणि रुंदी प्रत्येकी दुप्पट होते, म्हणजे चित्राला चौपट जागा लागते. ए-४ कागदावरील चित्र त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या ए-३ कागदावर न्यायचे असेल तर यंत्रावर सुमारे १४१ टक्के हा आकडा येतो. हा दोनच्या वर्गमुळाचा प्रताप आहे आणि दहावीच्या मुलांना तो पटकन आवडतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आकृती ‘मोठी करा’ म्हटले की बरेच विद्यार्थी गुणाकार न करता बेरीज करतात. फ्रान्समधील गणितशिक्षणाचे अभ्यासक गी ब्रूसो यांनी यासाठी एक सुंदर कृती वापरली. एक तुकड्यांचे कोडे मुलांच्या गटाला द्यायचे, ४ सेंटिमीटरची बाजू ७ सेंटिमीटर होईल अशा रीतीने ते मोठे करायला सांगायचे आणि गटातील प्रत्येकाने आपापला तुकडा स्वतंत्रपणे करायचा. शेवटी तुकडे जुळवून पाहायचे.

आम्ही आपल्या वर्गासाठी सोपे कोडे तयार केले. १२ सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा चौरस घ्या. त्याची वरची १२ × ४ ची पट्टी कापा. उरलेल्या भागातून ४ × ८ चा एक आयत कापा. राहिलेला ८ × ८ चा चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. असे चार तुकडे झाले. चौघांच्या गटात प्रत्येकाला एक तुकडा द्या आणि सांगा, “४ सेंटिमीटरची बाजू ६ सेंटिमीटर झाली पाहिजे, बाकीचे त्या मानाने.”

अनेक मुले ‘दोन वाढवायचे’ असा अर्थ घेतात. मग पट्टी १४ × ६ ची होते, आयत ६ × १० चा आणि त्रिकोणांच्या बाजू १०-१० च्या. जुळवायला बसल्यावर खालच्या भागाची रुंदी १० + ६ = १६ भरते आणि वरची पट्टी मात्र १४ चीच असते. दोन सेंटिमीटर बाहेर राहतात. मुले आधी एकमेकांना दोष देतात, “तू नीट कापले नाहीस.” पुन्हा मोजतात. कापणे बरोबरच असते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की खालच्या बाजूला दोन तुकडे असल्याने ‘दोन’ दोनदा वाढले. दीडपट केल्यावर पट्टी १८ × ६, आयत ६ × १२ आणि त्रिकोणांच्या बाजू १२-१२ येतात, आणि चारही तुकडे १८ सेंटिमीटरच्या चौरसात चपखल बसतात.

येथे शिक्षकाला ‘चूक’ हा शब्द उच्चारावाच लागत नाही. चूक काय ते पुठ्ठाच सांगतो. या कृतीला आम्ही घटकाची पहिली तासिका दिली आणि दुसरी तासिका केवळ चर्चेला. ‘दोन तासिका वाया गेल्या’ अशी रुखरुख प्रारंभी आम्हालाही लागली होती. पुढे कसोट्या शिकवताना ‘प्रमाणात’ या शब्दाचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागला नाही, तेव्हा ती गेली.

तिसरे काम : क्रमामागचे कारण शोधा

२०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये समरूपतेचे प्रकरण पहिले आहे. त्याची सुरुवात समरूप त्रिकोणांनी होत नाही. दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने होते. हा भाग अवांतर समजून घाईने उरकला जातो. वस्तुतः पुढच्या सर्व इमारतीचा पाया तोच आहे.

उंची समान असेल तर त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात, एवढेच त्या भागात सांगितले आहे. आता त्रिकोण अबक घ्या. बाजू अब वर म आणि बाजू अक वर प असे बिंदू घ्या की रेख मप ही बाजू बकला समांतर आहे. अमप आणि बमप या त्रिकोणांचे पाये अम आणि मब एकाच रेषेवर आहेत आणि शिरोबिंदू प सामाईक आहे, म्हणून त्यांची उंची एकच. तेव्हा त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर अम : मब. त्याचप्रमाणे अमप आणि कमप यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर अप : पक. आता बमप आणि कमप पाहा. दोघांचा पाया मप हाच आहे आणि ब, क हे बिंदू त्याला समांतर असलेल्या रेषेवर आहेत. म्हणजे उंची समान, म्हणून क्षेत्रफळही समान. त्यावरून अम : मब आणि अप : पक ही गुणोत्तरे समान ठरतात. हेच प्रमाणाचे मूलभूत प्रमेय.

लांबीचे प्रमेय क्षेत्रफळाच्या वाटेने सिद्ध होते, ही गोष्ट विद्यार्थ्याला आश्चर्याची वाटली पाहिजे. ती वाटण्यासाठी पहिला उपघटक पक्का हवा. म्हणून त्याला आम्ही दोन पूर्ण तासिका दिल्या.

याच ठिकाणी एक नेहमीची चूक दबा धरून बसलेली असते. समजा अम = २, मब = ३ आणि बक = १०. मप किती? विद्यार्थी २ : ३ हेच गुणोत्तर घेऊन मोकळा होतो आणि उत्तर ६.६७ काढतो. पण मप आणि बक या अनुक्रमे लहान आणि संपूर्ण त्रिकोणाच्या बाजू आहेत. म्हणून अम ची तुलना संपूर्ण अब शी करायला हवी. २ : ५ घेतल्यावर उत्तर ४ येते. भागाची भागाशी तुलना आणि भागाची पूर्णाशी तुलना, हा फरक दाखवण्यासाठी लहान त्रिकोण वेगळ्या रंगाच्या कागदाचा कापून मोठ्यावर ठेवावा. घटक नियोजनात ‘संभाव्य चुका’ असा एक नवा रकानाच आम्ही आखला आणि त्यात ही चूक सर्वांत वर लिहिली.

चौथे काम : तासिका वाटा

आमची वाटणी सोळा तासिकांची झाली. ती अशी :

तासिका १ : पुठ्ठ्याचे कोडे, पूर्वज्ञानाची चाचपणी
तासिका २ : कोड्यावर चर्चा, गुणोत्तराची उजळणी
तासिका ३ व ४ : त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर
तासिका ५ व ६ : प्रमाणाचे मूलभूत प्रमेय व त्याचा व्यत्यास
तासिका ७ : कोनदुभाजकाचे प्रमेय, तीन समांतर रेषा व छेदिका
तासिका ८ : उदाहरणे
तासिका ९ ते ११ : समरूपतेच्या कसोट्या, संगत शिरोबिंदू
तासिका १२ : मैदानावर उंची मोजणे
तासिका १३ व १४ : समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे प्रमेय
तासिका १५ : राखीव
तासिका १६ : घटक चाचणी

पंधराव्या तासिकेसमोर ‘राखीव’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. सुटी, स्पर्धा, मुसळधार पाऊस यांतील काहीतरी येणारच. काहीच आले नाही, तर मॉरिसन यांच्या सूत्राप्रमाणे ज्यांना जमले नाही त्यांना वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवण्यासाठी ती वापरावी. एकही मोकळी तासिका नसलेला आराखडा पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि एकदा मोडला की तो पुन्हा कोणी उघडत नाही.

सावली नसेल तर?

उंची मोजण्याचा जगप्रसिद्ध प्रयोग सावलीचा आहे. थेलीसने सावलीवरून पिरॅमिडची उंची काढली, असे नंतरच्या ग्रीक ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त शंकू आणि त्याच्या सावलीचे गणित आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर छायाव्यवहार असे स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणून आम्हीही वहीत लिहिले : ‘झेंड्याच्या खांबाची सावली मोजणे.’

मग लक्षात आले की हा घटक वर्षारंभी, जून-जुलैत येतो. आकाशात ढग असतात. ढग नसले तरी या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेरीस मध्यान्ही १ मीटर काठीची सावली ८ सेंटिमीटरच्या आसपास पडते. तिच्यात एका सेंटिमीटरची चूक झाली तरी सगळे गणित कोसळते. म्हणजे वर्षानुवर्षे नियोजनात लिहिलेला हा प्रयोग त्या महिन्यात नीट होणे मुळातच कठीण होते!

उपाय पावसानेच सुचवला. मैदानात साचलेले संथ पाणी हा उत्तम सपाट आरसा असतो. डबके सोयीच्या जागी नसेल तर पाणी भरलेली थाळी ठेवावी. विद्यार्थ्याने मागे-पुढे सरकत खांबाच्या टोकाचे प्रतिबिंब पाण्यात शोधायचे. ते दिसले की पाय जागीच रोवून उभे राहायचे आणि प्रतिबिंब दिसते त्या जागेची खूण जोडीदाराने करायची. प्रकाशाच्या परावर्तनात आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, खांब आणि विद्यार्थी दोघेही जमिनीला लंब असतात. को-को कसोटीने दोन त्रिकोण समरूप झाले.

समजा विद्यार्थ्याच्या डोळ्यांची उंची १.५ मीटर, त्याचे खुणेपासूनचे अंतर १.२ मीटर आणि खुणेपासून खांबाचे अंतर ५.२ मीटर आहे. तर खांबाची उंची १.५ × ५.२ ÷ १.२ = ६.५ मीटर. आता विचारा, “१.२ च्या जागी चुकून १.२५ मोजले असते तर?” उत्तर ६.२४ येते. पाच सेंटिमीटरच्या चुकीने उंचीत २६ सेंटिमीटरचा फरक पडला. कोणते माप अधिक काळजीने घ्यायचे, हे विद्यार्थी आपणहून सांगतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनाही या तासिकेला बोलवावे.

हिवाळ्यात ऊन असते, तेव्हा त्रिकोणमितीच्या घटकात सावलीचा प्रयोग अवश्य करावा. त्या वेळी काठीची आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजण्याचा दंडक पाळावा, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो.

पुन्हा रांगोळीकडे

बाजू दुप्पट तर क्षेत्रफळही दुप्पट, ही समजूत आमच्याच वर्गातली नाही. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील डर्क डी बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १२ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये ती ठळकपणे दिसली. आकृती काढायला सांगूनही तिचा पगडा फारसा सुटला नाही. सरळ प्रमाणाची सवय मुलांना इतकी झालेली असते की जेथे ते लागू नाही तेथेही तेच लावले जाते.

म्हणून तेराव्या तासिकेला प्रमेयाचे विधान फळ्यावर लिहू नये. आधी रांगोळीचा प्रश्न विचारावा आणि प्रत्येकाला उत्तर वहीत लिहायला लावावे. मग आलेख कागदावर एक वेडीवाकडी आकृती आणि तिची दुप्पट लांबी-रुंदीची प्रत काढून चौकटी मोजाव्यात. त्रिकोणाचा पाया दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणून गुणाकार चौपट, हे विद्यार्थ्यांकडूनच येऊ द्यावे. रांगोळीची बाहेरची रेघ मात्र दुपटीनेच वाढते, हेही त्याच वेळी दाखवावे. रेघेला दुप्पट रांगोळी, आत भरायला चौपट रंग. हा भेद मनात ठसला की प्रमेयाची सिद्धता हवीशी वाटू लागते. महत्त्वमापनाच्या घटकात तिप्पट बाजूचा हौद सत्तावीसपट पाणी का घेतो, याची बीजेही येथेच पडतात.

वही कपाटात नको

शेवटी एक अगदी साधी गोष्ट. नियोजनाच्या प्रत्येक पानावर उजवीकडे तीन बोटे समास मोकळा ठेवावा. तासिका संपल्यावर तेथे एक-दोन ओळी लिहाव्यात : काय अडले, कोणता प्रश्न आला, कोणते उदाहरण फसले. या दोन ओळींना दोन मिनिटेही लागत नाहीत. पुढच्या जूनमध्ये मग वही उतरवून काढायची इच्छाच होत नाही, कारण ती दुरुस्त करावीशी वाटते.

आमच्या आराखड्यातही उणिवा आहेत. सातव्या तासिकेत दोन विषय कोंबले आहेत आणि कोनदुभाजकाच्या प्रमेयाला त्यामुळे न्याय मिळत नाही, अशी नोंद समासात आहे. मोठ्या वर्गात पंधरा गटांना पुठ्ठे कापून देणे हे एकट्या शिक्षकाचे काम नव्हे. ते आदल्या दिवशी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे लागते. सोळा तासिका मिळणे प्रत्येक शाळेत शक्यही नसते. ज्यांना बाराच मिळतील त्यांनी काय गाळायचे ते ठरवावे. मात्र मैदान आणि कोडे आधी गाळू नये. सरावाची काही उदाहरणे घरी होऊ शकतात, पुठ्ठ्याचे तुकडे न जुळण्याचा अनुभव घरी मिळत नाही.

समरूपतेऐवजी आपण वर्गसमीकरणे घ्या किंवा संभाव्यता घ्या, रीत हीच : शेवटचा प्रश्न आधी लिहा, विद्यार्थ्याची चूक आधी ओळखा, क्रमामागचे कारण शोधा आणि एक तासिका मोकळी ठेवा. एका सत्रात एकच घटक असा आखला तरी पुरे.

ती मुलगी आता पुढच्या शिक्षणासाठी गेली. तिला त्या दिवशी अंगणातच फरशीच्या चौकटी मोजून दाखवल्या होत्या. एका फरशीची रांगोळी आणि दोन-दोन फरशांची रांगोळी. क्षणभर थांबून ती म्हणाली, “म्हणजे एक किलो!” आणि लगेच पुढे, “हे प्रमेय होते होय?” हा प्रश्न विद्यार्थ्याने घटक संपल्यावर नव्हे, घटक चालू असताना विचारावा, एवढ्यासाठीच नियोजन करायचे.